काय विसरायचे, ते ठरवणारा प्रोग्राम

शब्दकोशातल्या सगळ्या शब्दांची एक यादी आहे. अक्षरे तीच, जागा तेवढ्या वेगळ्या, असे शब्द हुडकून त्यांचे गट पाडायचे आहेत. मराठीत सांगायचे तर 'कमल' आणि 'कलम' एका गटात, 'दगड' आणि 'गडद' दुसऱ्यात, 'मगर' आणि 'गरम' तिसऱ्यात. जॉन बेंटली या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी हे कोडे इंग्रजी शब्दांपुरते घालून १९८३ साली 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या मासिकातल्या आपल्या सदरात सोडवून दाखवले. ते सदर १९८६ मध्ये 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या नावाने पुस्तकरूपात आले आणि प्रोग्रामरांच्या पुढच्या पिढ्यांनी ते आवडीने वाचले. पुस्तकाच्या दुसऱ्याच प्रकरणात हा प्रोग्राम भेटतो. सी भाषेतला आहे, छापील पानभरात मावेल एवढाच आहे, आणि पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे.

नोंदींची यादी घ्यायची आणि एखाद्या समान खुणेवरून तिचे गट पाडायचे, हे प्रोग्रामिंगमधले अगदी रोजचे काम. बँकेचे व्यवहार खात्यांनुसार, विद्यार्थी तुकड्यांनुसार, वीजबिले विभागांनुसार लावताना हेच चाललेले असते. ज्या खुणेवरून गट पडतात तिला प्रोग्रामर 'की' म्हणतात. आजच्या बहुतेक भाषांत हे काम एका ओळीत उरकते, त्यामुळे त्याकडे रचना म्हणून सहसा कोणी पाहत नाही. बेंटलींच्या प्रोग्रामकडे पाहावेसे वाटते ते त्यातल्या एका अडचणीमुळे. बँकेच्या नोंदीत खातेक्रमांक लिहिलेलाच असतो. गट कशावरून पाडायचे हे नोंदच सांगते. 'कमल' या शब्दावर मात्र त्याच्या गटाचे नाव कुठेही लिहिलेले नाही. ते घडवावे लागते. आणि ते घडवताना गट पाडण्याच्या कामातली खरी करामत कुठे दडलेली असते, ते उघडे पडते.

बेंटली आधी दोन फसव्या वाटा दाखवतात. पहिली अशी: एकेक शब्द घ्या, त्याच्या अक्षरांच्या सगळ्या मांडण्या करा आणि त्यांतली कोणती कोशात सापडते ते पाहा. तीन अक्षरी शब्दाला सहा मांडण्या पुरतात. पण बावीस अक्षरी शब्दाची सगळी अक्षरे वेगळी धरली, तर मांडण्यांची संख्या १ वर २१ शून्ये दिल्यावर होते त्याच्याही पुढे जाते. दुसरी वाट अशी: प्रत्येक शब्द इतर प्रत्येक शब्दाशी ताडून पाहा. २,३०,००० शब्दांचा कोश घेतला तर अशा जोड्या होतात सुमारे २,६४५ कोटी. एका तुलनेला सेकंदाचा दहा लाखावा भाग धरला तरी काम सात तासांच्या वर जाते.

या वाटा लांबच्या आहेत, हे तर खरेच. पण त्या लांबच्या का झाल्या हे पाहण्यासारखे आहे. पहिलीत शब्दाला संभाव्य नातेवाइकांचा शोध घ्यायला धाडले जाते, दुसरीत प्रत्येक जोडीला समोरासमोर उभे करून विचारले जाते, की तुम्ही एकमेकांचे कोण. नाती मोजायला बसले की संख्या भडकणारच. बेंटली प्रश्नच बदलतात. ते प्रत्येक शब्दाला एकट्याला गाठतात आणि विचारतात: तुझे गोत्र काय? दोन माणसे सगोत्र आहेत का हे कळायला त्यांची गाठ घालून द्यावी लागत नाही. दोघांनी आपापले गोत्र सांगितले की पुरते. २,६४५ कोटी प्रश्नांच्या जागी २,३०,००० प्रश्न उरतात. नात्याचा प्रश्न ओळखीचा करून टाकणे, हा या प्रोग्रामचा मूळ विचार. बाकीचे सारे त्यातून ओघाने येते.

प्रोग्रामचे तीन भाग आहेत: साइन, सॉर्ट आणि स्क्वॉश. साइनमध्ये शब्द आत येतो, त्याची अक्षरे वर्णक्रमाने लावली जातात आणि बाहेर पडते एक जोडी. आधी लावलेली अक्षरे, मग मूळ शब्द. 'मगर'ची खूण 'गमर', 'गरम'चीही 'गमर'. 'दगड'ची खूण 'गडद'. 'कलम'ची 'कमल'. 'पळस'ची 'पळस'.

या जोडीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. खूण शब्दाच्या जागी बसत नाही, शेजारी बसते. 'मगर' पुसून तिथे 'गमर' लिहिले असते, तर शेवटी प्रत्येक गटात एकच निरर्थक शब्द पुन्हा पुन्हा हाती आला असता. गट पडले असते आणि त्यांतली माणसे हरवली असती. साइन शब्दाचा क्रम विसरतो खरा, पण पुढच्या खुणेपुरताच. मागे मूळ शब्द जसाच्या तसा बांधलेला असतो. 'गडद' या शब्दाच्या बाबतीत ही दुहेरी रचना फार छान दिसते. त्याची अक्षरे आधीच क्रमाने आहेत, म्हणून ओळीवर 'गडद गडद' असे छापले जाते. डावा 'गडद' हे गटाचे नाव आहे, उजवा त्या गटाचा सभासद. अक्षरे तीच असूनही त्यांची कामे वेगळी, आणि प्रोग्राम ती कामे केवळ जागेवरून ओळखतो.

आता खूण बनवण्याची ही रीतच का? अक्षरांना क्रमांक देऊन त्यांची बेरीज केली असती तर? बेरजेलाही क्रमाचे सोयरसुतक नसते. 'क'ला १ धरून 'ह'पर्यंत आणि मग 'ळ'पर्यंत क्रमांक द्या. 'जल'ची बेरीज होते ८ आणि २८ मिळून ३६. 'पण'ची बेरीज २१ आणि १५ मिळून तीच ३६. एकही अक्षर समान नसलेले हे दोन शब्द बेरजेच्या हिशेबाने एका गटात जाऊन बसतील. बेरीज विसरायला हवे त्याहून जास्त विसरते. उलट शब्द जसाच्या तसा खूण म्हणून घेतला, तर काहीच विसरले जात नाही आणि प्रत्येक शब्द आपला एकटा गट करून बसतो. क्रमाने लावलेली अक्षरे या दोन टोकांच्या बरोबर मधोमध उभी आहेत. त्यांत क्रम सोडून बाकी सगळे शाबूत आहे: कोणती अक्षरे, प्रत्येक किती वेळा. क्रम गेला, पण फक्त क्रमच गेला. प्रत्येक अक्षराला एकेक मूळसंख्या देऊन त्यांचा गुणाकार केला तरी हाच नेमकेपणा साधतो, कारण कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. पण तो गुणाकार पाहून डोळ्याला काही कळत नाही. 'गमर' मात्र वाचता येते आणि चूक झाली तर सापडते. बेंटलींनी निवडलेली खूण अचूक आहे आणि उघडीही आहे.

यात आणखी एक बारकावा आहे. अक्षरे वर्णक्रमाने लावायची म्हटली की वाटते, वर्णक्रमाला इथे काही महत्त्व असणार. तसे ते नाही. मराठी वर्णमालेत 'ळ' शेवटाकडे येतो, तर संगणकाच्या युनिकोड तक्त्यात तो 'ल'च्या लगेच पुढे बसतो. म्हणून 'पळस'ची खूण पाटीवरच्या हिशेबाने 'पसळ' आणि संगणकाच्या हिशेबाने 'पळस'. गटांवर त्याने कणभरही फरक पडत नाही. क्रम कोणताही चालेल, फक्त तो सगळ्यांना सारखाच लागला पाहिजे.

दुसरा भाग, सॉर्ट, बेंटलींनी लिहिलेलाच नाही. युनिक्स या कार्यप्रणालीत तो तयार होता. त्यांनी तो नुसता मध्ये ठेवून दिला. मला या प्रोग्राममधली सर्वांत विनोदी जागा हीच वाटते. सॉर्टचे काम ओळी क्रमाने लावणे. पण 'कमल'चा गट 'गडद'च्या आधी यावा, याची इथे कोणालाच गरज नाही. हवे आहे ते एवढेच, की सारख्या खुणांच्या ओळी शेजारी शेजारी याव्यात. क्रम लागला की सारखे शेजारी येतातच. तो क्रमाचा जोडलाभ. बेंटली मुख्य माल बाजूला सारून जोडलाभ उचलतात. आणि ज्या जोडीजोडीच्या तुलनांना सुरुवातीला नकार दिला होता, त्या इथे मागल्या दाराने परत येतात, पण किती? २,३०,००० ओळी लावायला चांगल्या सॉर्टला साधारण ४१ लाख तुलना लागतात. कुठे २,६४५ कोटी आणि कुठे ४१ लाख.

आपल्या सात शब्दांची यादी सॉर्टमधून गेली की अशी दिसते: 'कमल कमल', 'कमल कलम', 'गडद गडद', 'गडद दगड', 'गमर गरम', 'गमर मगर', 'पळस पळस'. सॉर्टला यातले काहीही कळलेले नाही. शब्दांतली अक्षरे हलवण्याचा खेळ म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नाही. आणि त्याला ते कळायची गरज नाही, हेच रचनेचे यश आहे.

तिसरा भाग, स्क्वॉश, याहूनही कमी जाणतो. तो ओळी एकामागून एक वाचतो आणि एवढेच लक्षात ठेवतो: मागच्या ओळीची खूण काय होती. नवी खूण वेगळी निघाली तर तो नवी ओळ सुरू करतो. मग शब्द छापतो आणि पुढे जातो. लाखो ओळींतून जाताना त्याच्या स्मरणात एका वेळी एकच जुनी खूण असते. त्याच्या अटीत एक छोटीशी दक्षताही आहे: अगदी पहिल्या शब्दाआधी ओळ तोडायची नाही. पहिली खूणही 'मागच्या'पेक्षा वेगळीच असते, कारण मागे काही नसतेच. ही दक्षता नसती तर छापील यादीच्या डोक्यावर एक रिकामी ओळ येऊन बसली असती. गट पाडणाऱ्या अशा प्रोग्राममधल्या चुका बहुधा टोकांनाच होतात, पहिल्या नोंदीवर किंवा शेवटच्या.

स्क्वॉश खूण छापत नाही, हेही पाहण्याजोगे. बाहेर येते ते 'कमल कलम', पुढच्या ओळीवर 'गडद दगड', मग 'गरम मगर', मग 'पळस'. 'गमर' कुठेच नाही. खूण पहिल्या भागात जन्मते, दुसऱ्यात तिची आज्ञा पाळली जाते आणि तिसऱ्यात ती गळून पडते. प्रोग्राम वापरणाऱ्याला ती दिसतही नाही. सगळा निकाल जिने लावला, तिचे नाव निकालपत्रात नाही.

तीन भाग एकमेकांना जोडलेले आहेत ते युनिक्सच्या 'पाइप'ने. एका प्रोग्रामचे फलित थेट दुसऱ्याच्या तोंडी द्यायची ही सोय डग मॅक्लरॉय यांच्या आग्रहातून आली आणि १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये आणली, तीही बेल लॅब्जमध्येच, जिथे पुढे बेंटली काम करत होते. लिहिताना ती नुसती एक उभी रेघ असते. पण या रेघेमुळे तीन भागांना एकमेकांच्या पोटात शिरता येत नाही. पलीकडून आलेल्या ओळी वाचायच्या आणि आपल्या ओळी पुढे सोडायच्या, एवढाच त्यांचा संबंध. शब्दांविषयीचे सारे ज्ञान एकट्या साइनकडे राहते आणि उरलेले दोघे अडाणी राहू शकतात. हा अडाणीपणा मुद्दाम राखलेला आहे.

हेच काम दुसऱ्या रीतीनेही होते, आणि आज तीच रीत जास्त चालते. रिकामे खण मांडून ठेवायचे. शब्द आला की खूण काढायची, त्या नावाचा खण असला तर शब्द त्यात टाकायचा, नसला तर नवा खण उघडायचा. सॉर्टची गरजच नाही. यादी एकदा वाचली की काम झाले. या रीतीचा एक ठळक पूर्वज लाकूड-लोखंडाचा होता. हर्मन हॉलेरिथ यांच्या यंत्रांवर अमेरिकेची १८९० ची जनगणना मोजली गेली, तेव्हा माणशी एक भोके पाडलेले कार्ड होते. कार्ड वाचले गेले की भोकांच्या जागांवरून शेजारच्या पेटीतल्या नेमक्या खणाचे झाकण विजेने उघडे आणि यंत्रावर बसलेली व्यक्ती कार्ड हाताने त्यात टाकी. आज झाकण उघडण्याचे काम हॅशिंग करते. खुणेवरून थेट खणाचा पत्ता काढण्याची ही युक्ती आयबीएमच्या हान्स पीटर लुन यांनी १९५३ मध्ये मांडली. पायथन भाषेतला 'डिफॉल्टडिक्ट' नसलेला खण मागताक्षणी उघडून देतो, आणि जावास्क्रिप्टच्या २०२४ च्या प्रमाणात तर गट पाडण्याची स्वतंत्र सोयच आली आहे.

खणांची रीत जलद आहे, पण सगळे खण एकदम उघडे ठेवायला जागा लागते आणि शेवटची नोंद येईपर्यंत एकही खण 'पूर्ण झाला' असे म्हणता येत नाही. स्क्वॉशच्या रीतीत खूण बदलली की मागचा गट कायमचा पूर्ण. तो पुढे द्या आणि विसरा. पण त्यासाठी सारखे आधी शेजारी आलेले असले पाहिजेत. पायथनमध्येच 'ग्रुपबाय' नावाचे एक साधन आहे, ते स्क्वॉशच्या जातीचे. लागोपाठ आलेल्या सारख्या खुणांचाच तो गट करतो. सॉर्ट न करता यादी दिली, तर 'गमर'चा एक गट इथे, एक तिथे असे तुकडे हाती येतात, आणि कुठेही चूक झाल्याची सूचना येत नाही. नवशिक्यांना हा दोष वाटतो. स्क्वॉश वाचलेला माणूस त्याचे कारण ओळखतो: एकच जुनी खूण लक्षात ठेवणाऱ्याकडून याहून जास्त मागता येत नाही.

माहितीसंच हाताळणाऱ्या एसक्यूएल भाषेत गट पाडण्याचे कलम आहेच. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये आयबीएममध्ये मांडलेल्या 'सीक्वेल'मधून ही भाषा वाढली. तिचा स्वभाव मात्र स्क्वॉशपेक्षा वेगळा. गट पाडला की एसक्यूएल सभासदांना सहसा दारातच थांबवते आणि गटाबद्दलची एकच ओळ देते: किती नोंदी, बेरीज किती, सर्वांत मोठी कोणती. हिशेबाला ते सोयीचे असते. पण 'गमर'च्या गटात दोन शब्द आहेत एवढेच कळून काय करायचे? मजा त्यातल्या मगरीत आणि गरमीत आहे. गट पाडणे आणि गट मोजणे ही वेगवेगळी कामे आहेत, आणि बेंटलींचा प्रोग्राम पहिले काम करून थांबतो.

एसक्यूएलमध्ये खुणेविषयीची एक गमतीची कबुली आहे. तिथे माहितीच नसलेल्या जागी 'नल' असते. दोन नल समान आहेत का, असे विचारले तर एसक्यूएल हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ठाऊक नाही म्हणते. तर्काला ते धरून आहे, कारण ज्या दोघांचा पिनकोड माहीत नाही त्यांचा पिनकोड एकच आहे असे कोण म्हणेल? पण पिनकोडवरून गट पाडायला सांगा: तीच भाषा सगळे नल मुकाट्याने एका गटात घालते. तुलना करताना जो फरक शक्य म्हणून राखला, तो गट पाडताना विसरला जातो. सोयीसाठी, आणि नियम म्हणून.

खुणेवर अवलंबून राहण्याला मर्यादाही आहे. प्रत्येक नोंदीला एकच खूण असल्यामुळे प्रत्येक नोंद एकाच गटात जाते, गट एकमेकांत मिसळत नाहीत, आणि कोणी बाहेर राहत नाही. 'साधारण सारखे' अशा नात्याला हे जमत नाही. एक नाव दुसऱ्यासारखे ऐकू येते, दुसरे तिसऱ्यासारखे, पण पहिले आणि तिसरे एकमेकांपासून लांब असू शकतात. मग मधले नाव कोणत्या गटात घालायचे? रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये पेटंट घेतलेली आणि पुढे 'साउंडेक्स' म्हणून ओळखली गेलेली रीत या पेचावर खुणेनेच मात करू पाहते. आडनावाचे पहिले अक्षर ठेवायचे, पुढचे स्वर गाळायचे, जवळच्या उच्चारांच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. 'रॉबर्ट' आणि 'रूपर्ट' दोघांची खूण मग 'आर १६३' येते. उपयोगी आहे, पण किती विसरले गेले ते पाहा: 'प' आणि 'ब' यांच्यातले अंतर, आणि पहिल्या अक्षरानंतरचे सगळे स्वर. साउंडेक्सच्या मते काय फरक नाही, हे त्याच्या आकड्यांच्या तक्त्यात कायमचे लिहिलेले आहे.

बेंटलींच्या साधनांना मोठेपणी काय रूप आले, हेही सांगितले पाहिजे. गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ मध्ये 'मॅपरिड्यूस' नावाची रीत मांडली. हजारो यंत्रांवर पसरलेल्या माहितीवर चालणारी ही रीत ढोबळपणे तीन पायऱ्यांची आहे: प्रत्येक नोंदीची खूण काढा, सारख्या खुणा एकत्र आणा, प्रत्येक गटावर काम करा. मधली पायरी वापरणाऱ्याने लिहायचीच नसते. ती यंत्रणा करते. साइन, सॉर्ट, स्क्वॉश यांची ही मांडणी ओळखू येते. बेंटलींकडूनच ती तिथे गेली असे मी म्हणत नाही. खूण एकदा नीट बांधली की उरलेले काम कोणावरही सोपवता येते, मग ते एक यंत्र असो की हजार, एवढे मात्र दोन्हीकडे दिसते.

आता हा प्रोग्राम मराठीला लावून पाहू. आतापर्यंतची उदाहरणे काना-मात्रा नसलेल्या शब्दांची होती, ती सोय म्हणून. 'राम', 'मार' आणि 'मरा' हे तीन शब्द घ्या. युनिकोडमध्ये 'र', 'म' आणि काना अशी तीन सुटी चिन्हे असतात, आणि तिन्ही शब्दांत तीच तीन. ती चिन्हे क्रमाने लावणारा साइन तिघांना एकच खूण देईल. पण मराठी वाचक काना सुटा मोजत नाही. 'चिमा काय कामाची' उलटे वाचताना आपण चि, मा, का, य अशी अक्षरे उलटवतो. वेलांट्या वेगळ्या काढून ठेवत नाही. या हिशेबाने 'राम' म्हणजे 'रा' आणि 'म', 'मरा' म्हणजे 'म' आणि 'रा'. ते दोघे सगोत्र. 'मार' परका, कारण त्यात 'मा' आणि 'र' आहेत. वाल्या कोळ्याच्या कथेत 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' होते. तिथे पूर्ण अक्षरांचीच अदलाबदल आहे आणि कथा सांगणाऱ्याला काना तोडावा लागत नाही. आणखी पुढे जाऊन सगळे स्वरच विसरायचे ठरवले, तर 'मोर', 'रोम' आणि 'मीरा'ही याच गटात येऊन बसतील. शब्द तेच आहेत, यादी तीच आहे. खूण तीनदा बदलली आणि तीन वेगळे संसार उभे राहिले. यांतला बरोबर कोणता, हे संगणकाला ठरवता येत नाही. 'अक्षर' कशाला म्हणायचे यावर ते ठरते, आणि ते मराठी बोलणारेच ठरवणार.

विसरायचे ते विसरले नाही तर काय होते, याचेही उदाहरण मराठीतच आहे. 'दऱ्या' हा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मग न दिसणारे एक जोडचिन्ह. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे उमटतात. युनिकोडचे प्रमाणीकरणाचे नियम लावले तरी हे दोन लेखनप्रकार एक होत नाहीत. यादीत दोन्ही मिसळले असले, तर गट पाडणारा प्रोग्राम 'दऱ्या'चे दोन गट करतो आणि वाचणाऱ्याला पडद्यावर एकच शब्द दोनदा दिसतो. प्रोग्रामने सांगितले तेच केले. हा फरक विसर, असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगण्याची जागा एकच, खूण बनवणारी ओळ.

म्हणून गट पाडणारा कोणताही प्रोग्राम वाचताना मी आधी ती ओळ शोधतो. खण वापरले की सॉर्ट, एक यंत्र की हजार, हे वेगाचे आणि जागेचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे बदलली तरी गट तेच राहतात. खुणेची ओळ बदलली की जगाचे भाग वेगळे पडतात. कोण कोणाबरोबर मोजला जाईल, कोणाची नोंद दोनदा दिसेल, कोणाचा वेगळेपणा पुसला जाईल, हे तिथे ठरलेले असते.

आणि बेंटलींचा प्रोग्राम मराठीसाठी चालवायचा तर बदलायचे किती? त्यांच्या साइनमध्ये एक अक्षर म्हणजे एक बाइट असे गृहीत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि आपले अक्षर अशा एकाहून अधिक चिन्हांचे असू शकते. तेव्हा साइनला बाइट सोडून अक्षरे लावायला शिकवावे लागेल, आणि 'ऱ'चे दोन प्रकार एक मानायलाही. सॉर्टला हात लावायचा नाही. स्क्वॉशमध्ये शब्द ठेवायची जागा थोडी वाढवली की पुरे. एका भाषेतून दुसरीत, एका लिपीतून दुसरीत, अक्षराच्या एका कल्पनेतून दुसऱ्या कल्पनेत गेल्यावरही प्रोग्रामचा जो भाग बदलावा लागतो, तो नेमका ज्याच्याकडे अक्षरांचे ज्ञान होते तोच, आणि तेवढाच. अडाणी ठेवलेल्या दोघांना नवे काही शिकावे लागत नाही. रचना चांगली आहे याचा याहून भक्कम पुरावा मी मागणार नाही.